दहा यार्ड, साडेतीन इंच

खोटं. साफ खोटं लिहिलंयस तू, कॉनी, आणि वर त्याच्याखाली सही ठोकलीयस.

"लोकांना हसायला आवडतं," म्हणे. कुणाला आवडतं? ज्याच्यावर हसायचं त्याला विचारलंस? फोनवर विचारलं म्हणतेस. तो हो म्हणाला म्हणतेस. अगं, तो हो म्हणणारच. बावन्न वर्षं तो हो म्हणत आलाय.

आता तू पुस्तकाचे कागद गोळा करून जेवायला घरी गेलीस. जा, जेव. मी इथंच आहे, लिपाच्या शाळेतल्या काचेच्या कपाटात, खिळ्याला टांगलेली. पण तोंड माझं कुणी टांगून ठेवलेलं नाही.

मी साखळी बोलतेय. गुरं बांधायची नाही, फाटकाची नाही. फुटबॉलच्या मैदानावर दहा यार्ड मोजायची साखळी. दोन टोकांना दोन नारिंगी काठ्या, मधे मी. आमच्याकडचा, अमेरिकेतला, फुटबॉल म्हणजे बॉल काखेत मारून धावायचं आणि समोरच्याला धडकायचं. चार झेपा मिळतात. चार झेपांत दहा यार्ड पुढं सरकलात, तर आणखी चार मिळतात. नाही सरकलात, तर बॉल समोरच्याचा. आता सरकलात की नाही, हे सांगणार कोण? रेफ्री नाही, कोच नाही, बाप तर नाहीच. मी सांगणार. त्यासाठीच माझा जन्म झाला.

जन्म म्हणजे १९३३ सालचा. त्याच्या आधी ओटर फोर्क नदीकाठच्या या आठ गावांत प्रत्येकाची आपापली साखळी होती. साखळी कसली, लिपाकरांची तर दोरी होती. आपली पोरं पुढं सरकत असली की भिजवून आखडलेली दोरी आणायची, पाहुण्यांची पाळी आली की कोरडी, ताणलेली. डॅनवुडकर काय कमी? त्यांच्या साखळीच्या दोन कड्या सामन्यागणिक कमीजास्त व्हायच्या. एका सामन्यात यावरून अशी मारामारी झाली की डॅनवुडच्या पाद्र्याचा दात पडला. तो दात कुणी पाडला, हे लिपात आजही अभिमानानं सांगतात.

तेव्हा स्टार्क गावच्या शाळेच्या मुख्याध्यापिका, मिस ग्रुबर, यांनी आठही गावच्या पुरुषांना चर्चच्या तळघरात बोलावलं. बाई पाच फुटांच्या, आवाज मात्र मळणीयंत्राचा.

"एक लीग," त्या म्हणाल्या, "एक नियमांची वही, आणि एक साखळी. ज्याला नको असेल त्यानं आत्ताच जिना चढावा."

कुणी चढलं नाही. कोलाचे, म्हणजे जर्दाळू भरलेले गोड पाव, अजून वाढायचे होते.

मला घडवलं लिपाच्या लोहारानं. वाच्लाव डुशेक. म्हणजे कॉनी, तुझा आजा. भट्टीतून एकेक कडी काढली, वाकवली, जोडली. मग सरकारी रस्ते मोजणारा माणूस मापाची पोलादी टेप घेऊन आला आणि आठ गावांच्या आठ माणसांसमोर मला मोजलं. तीस फूट, म्हणजे दहा यार्ड. केसाएवढं इकडं नाही, तिकडं नाही. मी त्या दिवशी जेवढी ताठ होते तेवढी नंतर कधीच नव्हते.

मिस ग्रुबर यांनी वहीत माझ्यासाठी दोन नियम लिहिले. एक, काठ्या दोन, माणसं दोन: मागची काठी यजमान गावाच्या माणसानं धरायची, पुढची पाहुण्यांच्या. दुसरा, वहीतला नववा. तो असा: साखळीला पुन्हा मोजायला टेप लावायची नाही.

"का हो बाई?" कुणीतरी विचारलं.

"कारण मी तुम्हाला ओळखते. आज टेप आणाल, उद्या टेप कुणाची यावरून दात पाडाल. साखळी म्हणजे दहा यार्ड. विषय संपला."

सगळे हसले, आठही जणांनी सह्या केल्या. बाई शहाणी होती. पण लोखंड तुटतं, हे ती विसरली. आणि तुटलेलं जोडताना आमच्याकडचा माणूस दुकानात जात नाही, गाडीच्या मागच्या पेटीत हात घालतो, हेही विसरली.

तर मी फिरायला लागले. दर शुक्रवारी जिथं मोठा सामना, तिथं मी. कधी बियाण्याच्या पोत्यावर, कधी वासराच्या पायाशी, एकदा तर लग्नाच्या केकशेजारी बसून गेले. मी माणसं मोजली नाहीत, पण पाहिली फार. घरी बायकोशी दोन शब्द न बोलणारा गडी मैदानाच्या कडेला घसा फुटेस्तोवर बोलतो. आया आपल्या पोराची पाळी आली की नेमक्या पिशवीत काहीतरी शोधायला लागतात. आणि मोजायला मला आत नेलं की हजार माणसं एकदम गप्प. तेवढी शांतता त्यांच्या चर्चमध्येसुद्धा नसते. दुकानांवर पाट्या लागायच्या: "सामन्याला गेलोय. तुम्हीही तिथंच असाल."

लढाई लागली तेव्हा तीन गावांत टीम उभी करायला पोरं उरली नाहीत. दोन हंगाम मी मिस ग्रुबरच्या माळ्यावर धूळ खात पडले. लढाई संपली, पोरं परत आली. सगळी नाही आली. माझ्या शेजारून धावलेल्यांपैकी चौघं आली नाहीत. त्या वर्षी पहिल्या सामन्याला कुणी कुणाला चिडवलं नाही.

मग शाळा बंद पडू लागल्या. शेतं मोठी झाली, घरं कमी झाली, घरात पोरं कमी झाली. पहिली स्टार्कची शाळा गेली. अकरा पोरांचा खेळ आठांचा झाला, पुढं सहांचा. आठ गावांची लीग सहाची झाली. पण लिपा आणि डॅनवुड होते तोवर भांडण जिवंत होतं, आणि भांडण जिवंत तर लीग जिवंत.

आता १९७१ चा नोव्हेंबर. कॉनी, तू लिहिलंस ते वाचून दाखवू? "अंतिम सामन्यात डॅनवुडचा मर्विन लुंड अवघी दोन बोटं कमी पडला, आणि आमच्या लीगला तिचा सर्वांत लाडका विनोद मिळाला."

लाडका विनोद! ऐक, काय झालं ते. तुला ठाऊक आहे, तरी ऐक.

सामना लिपात होता. वारा असा की टोप्या उडून कुंपणाला चिकटत होत्या. लोकांनी आपापल्या गाड्या मैदानाच्या कडेनं लावलेल्या, आत बसून हॉर्न वाजवायला. मागची काठी तुझ्या बापाच्या हातात, एमिलच्या. पुढची काठी डॅनवुडच्या ॲक्सेल लुंडकडे. मर्विनचा बाप तो. कुणी म्हणालं, पोरगा खेळतोय, बापानं काठी धरू नये. त्यावर खुद्द एमिल म्हणाला, "ॲक्सेलनं धरली तर मी निवांत. तो स्वतःच्या आईला पाव इंच जास्त द्यायचा नाही."

आणि ते खरं होतं.

तिसऱ्या डावात एक लिपाकर पोर रेषेबाहेर फेकलं गेलं, त्याच्यावर आणखी तिघं. बुटांचे खिळे माझ्यात अडकले, पोरं लोळली आणि मी तुटले. अडतीस वर्षांत पहिल्यांदा. कड्कन आवाज झाला. माझी एक कडी उघडून गवतात पडली.

रेफ्री म्हणाला, "पाच मिनिटं. जोडा नाहीतर दोरी आणा."

"दोरी?" एमिल भडकला. "माझ्या बापाची साखळी आहे ती!" तो आपल्या गाडीकडं पळाला, मागची पेटी उघडली, आत हात घातला. गवताच्या गंज्या ओढायच्या यंत्राची जोडकडी हाताला लागली. जाड, लांबट. बसवली, हातोडीनं ठोकली, ओढून पाहिली.

ॲक्सेल शेजारी उभा होता. "एमिल, ही कडी मोठी आहे."

"साखळी आहे रे, लग्नातली अंगठी नाही. घट्ट बसली ना?"

"घट्ट बसली. पण लांबीला..."

"टेप लावायची? लाव की. नववा नियम तुझ्या बापाच्याही सहीचा आहे. सांग सगळ्यांना, डॅनवुडकरांना टेप पाहिजे."

मागून कुणीतरी ओरडलं, "दात मोजून घ्या आधी, डॅनवुडकर!" लोक हसले. ॲक्सेलनं माझ्याकडं पाहिलं, मग लोकांकडं पाहिलं. थुंकला. "चल," म्हणाला.

मी ओरडत होते. तीस फूट नाहीये मी आता, अरे, मोजा कुणीतरी! पण लोखंडाचं ओरडणं माणसाला खुळखुळणं वाटतं.

शेवटचं मिनिट. लिपा चौदा, डॅनवुड बारा. डॅनवुडची पोरं लिपाच्या दारात येऊन ठेपलेली, गुणांच्या रेषेपासून नऊ-दहा यार्डांवर. तीन झेपा झाल्या. चौथी उरली, आणि दीड यार्ड. सगळ्या मैदानाला माहीत होतं बॉल कुणाला देणार. सतरा वर्षांचा, उंच, मोठ्या कानांचा मर्विन. त्यानं बॉल घेतला, मान खाली घातली आणि आठ पोरांच्या भिंतीत घुसला. भिंत मागं सरली, थांबली, कोसळली.

रेफ्रीनं एकेक पोर उपसून काढलं. सगळ्यात खाली मर्विन, दोन्ही हातांनी बॉल पोटाशी धरून, नाकातून रक्त. बॉल होता तिथंच ठेवला. रेफ्रीनं हात वर केला: साखळी आणा.

एमिल आणि ॲक्सेल मला घेऊन धावत आत आले. सगळे हॉर्न बंद. वारासुद्धा दबल्यासारखा झाला. एमिलनं मागची काठी रोवली. ॲक्सेलनं पुढची धरून मला ओढलं. दुसऱ्या कुणाचं पोर असतं तर त्यानं नेहमीसारखं ओढलं असतं. पण पोर त्याचं होतं, म्हणून त्यानं जास्त जोर लावला. माझ्या अंगातली ती परकी कडी ताठ उभी राहिली. मला कळत होतं. एकेका इंचाचं मला कळत होतं.

रेफ्री गुडघ्यावर बसला. वर बघत म्हणाला, "तूच सांग, ॲक्सेल. मला आज जिवंत घरी जायचंय."

ॲक्सेल वाकला. बॉलचं नाक आणि काठी यांच्या मधे त्यानं दोन बोटं घातली. बोटं गेली.

"कमी," तो म्हणाला.

"किती?"

"दोन बोटं."

मर्विन अजून गुडघ्यावर होता. "बाबा, नीट बघा ना."

"बघितलं."

एवढंच. मग हॉर्न सुरू झाले, ते पुढं वीस मिनिटं थांबले नाहीत.

त्या घरी काय झालं ते मी सांगणार नाही. मी तिथं नव्हते. ऐकीव गोष्टीवर मी शपथ घेत नाही. पण रविवारी चर्च सुटल्यावर तुझ्या बापाच्या शेडमध्ये काय झालं ते सांगते, कारण तिथं मीच जमिनीवर पसरलेली होते.

एमिलनं दार लावून घेतलं. टेप काढली. एकदा मोजलं. घाम पुसला, परत मोजलं. तिसऱ्यांदा मोजताना ओठ हलवत आकडे म्हटले, शाळेतल्यासारखे. तीस फूट आणि साडेतीन इंच. मग उलट्या बादलीवर बसून राहिला. त्याच्या तोंडून एकच शब्द आला, "देवा."

दोन बोटं म्हणजे दीड इंच. तो पोरगा पोचला होता. वर दोन इंच जास्त गेला होता.

डॅनवुड जिंकलं असतं का? मला काय माहीत! मी साखळी आहे, ज्योतिषी नाही. पुढच्या चार झेपांत बॉल हातातून सुटलाही असता. पण त्या चार झेपा त्यांच्या होत्या. त्यांच्या कुणी काढून घेतल्या, तर मी. माझ्या तोंडून खोटं वदवून घेतलं गेलं, आणि ते बापाच्या हातानं.

एमिल लबाड होता असं मी म्हणत नाही. कडी बसवताना त्याच्या मनात काही नव्हतं. चूक वेगळी, कॉनी, आणि लपवणं वेगळं. लीगच्या बैठकीत तो उभा राहिला. मला वाटलं, आता बोलतो. तो म्हणाला, "साखळी गंजलीय. नवी मागवू." कारखान्याची चकचकीत साखळी आली आणि मला या कपाटात टांगलं. खाली पुठ्ठ्यावर लिहिलं: "दोन बोटांची साखळी." पोरं शाळेत येता-जाता काचेवर दोन बोटं टेकवायची. सामन्याआधी शुभ असतं म्हणे.

पाच वर्षांनी ॲक्सेलचं कंबरेचं हाड मोडलं, तेव्हा त्याचा सगळा मका एमिलनं काढून दिला. तीन दिवस यंत्रावरून उतरला नाही. लोक म्हणाले, एमिल म्हणजे देवमाणूस. मी कपाटातून म्हणाले, एमिल, मका राहू दे. बोल.

नाही बोलला. ॲक्सेल गेला. त्याला शेवटपर्यंत वाटत होतं की आपलं पोर कमी पडलं आणि आपण खरं बोललो.

आणि मर्विन? तो गेला नाही कुठं. डॅनवुडच्या धान्यकोठारावर काट्याला लागला, ट्रक तोलायला. चाळीस वर्षं. दर सकाळी आधी काटा शून्यावर आणणार, मग कॉफी पिणार. त्याच्या मापाबद्दल कधी कुणी एक शब्द काढला नाही. पण लिपाचा ट्रक आला की ड्रायव्हर खिडकीतून दोन बोटं काढणारच. "काय रे दोनबोट्या, आज तरी पूर्ण भरेल ना?" मर्विन हसायचा, पावती फाडून द्यायचा. त्यानंतर तो एकाही सामन्याला आला नाही. कुणी विचारलं तर म्हणायचा, काट्यावर गर्दी आहे.

चौऱ्याण्णव साली डॅनवुडची शाळासुद्धा बंद झाली. त्यांची पोरं इथं लिपात यायला लागली. वैरी एकाच बाकावर बसले. मर्विनची लेक इथल्या व्हॉलीबॉलच्या टीममध्ये होती. तिला न्यायला तो एकदा आत आला आणि माझ्यासमोर थांबला. हात जाकिटाच्या खिशात. पुठ्ठा वाचला. मग माझ्यावरून डोळे फिरवले, एका टोकापासून, सावकाश, कडी कडी करत. त्या मोठ्या कडीपाशी थांबला. कपाळाला आठी पडली. मी जीव गोळा करून लटकत होते. बघ, मर्विन. बघ नीट.

तेवढ्यात तो डेल आला. हॉटेलवाला डेल, ज्याच्या तोंडाला अजून कुणी झाकण लावलं नाही. त्यानं मर्विनच्या पाठीत थाप मारली. "काय राव, तेवीस वर्षं झाली. अजून पोचला नाहीस?"

मर्विन हसला. "निघालोय," म्हणाला. आणि लेकीची बॅग उचलून गेला.

त्या हसण्याचा मला राग येतो. तोंडावर मारलं असतं तर बरं झालं असतं.

मग तुझं सांगते, कॉनी. नऊ वर्षं झाली. तू एमिलला चाकाच्या खुर्चीत बसवून इथं आणलं होतंस. शाळा सुटलेली, व्हरांड्यात कुणी नव्हतं. त्यानं बोट वर केलं.

"ती कडी, कॉनी. मी बसवलेली. साडेतीन इंच."

"बाबा, काय बोलताय?"

"मोजलंय मी. तीनदा. ॲक्सेलचं पोर पोचलं होतं. तू लीगच्या लोकांना सांग. मला जमलं नाही."

"बाबा, पुरे. चला, औषधाची वेळ झाली."

"सांगशील?"

"बघू."

बघू! महिन्याभरात तो गेला. तू लीगची सेक्रेटरी झालीस, नियमांची वही तुझ्या कपाटात आली, आणि ते "बघू" नऊ वर्षं तसंच पडून राहिलं.

आता ही शाळाही बंद होतेय. उन्हाळ्यानंतर राहिलेली पोरं चाळीस मैलांवरच्या मोठ्या शाळेत जाणार, आणि ओटर फोर्क लीग संपली. मैदानात मका पेरतील, पेरू देत. येत्या शनिवारी निरोपाचं जेवण, चिली नावाचा तिखट रस्सा आणि त्याबरोबर दालचिनीचे रोल, शाळेत मिळायचे तसे. आठही गावांतून चारशे लोक येणार. तुझं पुस्तक वाटणार. इथवर ठीक.

पण काल तुम्ही दोघं, तू आणि डेल, माझ्यासमोरच टेबल टाकून कार्यक्रम ठरवत होतात. डेल म्हणाला, "शेवटी जोरदार काहीतरी पाहिजे. साखळी खाली काढू, मर्विनला बॉल घेऊन जमिनीवर झोपवू, आणि पुन्हा मोजू! चारशे माणसं दोन बोटं वर करतील. अगं, छताचे पत्रे उडतील!"

मी तुझ्या तोंडाकडं बघत होते. तुझा हात थांबला. एक क्षण थांबला, कॉनी, मी पाहिलं. मग तू म्हणालीस, "त्याला विचारून बघते."

फोन तू टेबलावर ठेवला होतास, आवाज मोठा करून. मर्विन म्हणाला, "येतो की. बॉल मी आणू?"

"आणशील? मस्तच!" डेल ओरडला. "पोट आत घेऊन झोप म्हणजे झालं, तेवढीच दोन बोटं पुढं सरकशील!"

मर्विन हसला. नेहमीसारखा. मग विचारलं, "मोजणार कोण?"

तू म्हणालीस, "मी आणि डेल."

"बरं," तो म्हणाला. "पण साखळी नीट ओढा. बाबांनी नीट ओढली होती."

तू फोन ठेवलास आणि कागदावर लिहिलंस: साडेसात वाजता, दोन बोटं.

अगं, एकोणसत्तर वर्षांचा माणूस आहे तो. त्याला तुम्ही चारशे लोकांसमोर झोपवणार, माझ्या खोट्या मापानं परत मोजणार, आणि परत कमी पाडणार. पहिल्या वेळी कुणाला ठाऊक नव्हतं. या वेळी तुला ठाऊक आहे. पहिल्या वेळी चूक होती. या वेळी तिला काय म्हणायचं, तूच सांग.

बापाचं नाव जाईल म्हणून भितेस. कळतं मला. आठ गावं बोलतील, डुशेकांनी लीग जिंकली ती पेटीतल्या कडीनं. बोलू देत. तुझा आजा प्रत्येक कडी भट्टीतून काढून परत परत बघायचा, तसला माणूस. तुझा बाप मरताना हेच एक काम सांगून गेला. त्या दोघांचं नाव तू सांभाळतेस की स्वतःचा शनिवार सांभाळतेस?

आणि नववा नियम सांगू नकोस मला. लीगच उरली नाही, तर नियम कुणासाठी? मिस ग्रुबर यांनी तो नियम भांडणं मिटावी म्हणून लिहिला. एका माणसावर जन्मभर हसता यावं म्हणून नाही. त्या आज असत्या तर त्यांनीच टेप आणली असती, आणि धरायला डेलला लावलं असतं, तोंड बंद ठेवायची ताकीद देऊन.

नव्वद वर्षं मी या लोकांत काढली. माझ्यावरून शेकडो वेळा निकाल लागले. हरलेल्यांनी मला लाथा मारल्या, जिंकलेल्यांनी मुके घेतले, पण "साखळी खोटी" असं कुणी म्हटलं नाही. ते सगळे निकाल तुझ्या पुस्तकात आहेत, साल, गाव, गुण. त्यात एक ओळ माझी खोटी, आणि ती तशीच छापली, तर बाकीच्यांवर तरी कुणी का विश्वास ठेवावा? शाळा गेल्या, टीम गेल्या, मैदान जाईल. मला कुठल्या भंगारात टाकाल ते टाका. पण खोटं माप म्हणून मला तिथं पाठवू नका.

पुस्तक उद्या दुपारी छापायला जातंय. सकाळ तुझ्या हातात आहे.

ये. कपाट उघड. मला व्हरांड्यात जमिनीवर सरळ पसर. टेप लाव, आकडा वाच, आणि ती ओळ खोडून तो आकडा लिही, कडी कुणी बसवली त्याच्या नावासकट. मग गाडी काढ आणि डॅनवुडला जा. फोन करू नकोस. त्याच्या दारात उभी राहा आणि मर्विनला तोंडावर सांग, तू पोचला होतास. शनिवारच्या आधी सांग.